जिजाअक्काचं रिकामं मशीन

घरात गोधडी धुवायला निघाली की मी आधी ती जमिनीवर पसरते आणि दोन्ही तळव्यांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दाबून पाहते. सुनेला वाटतं, सासूबाई ढेकूण शोधतात. नातीला वाटतं, आजीने कधीतरी आत सोनं शिवून ठेवलंय आणि आता कुठल्या गोधडीत ते विसरलीय. मी तिला तसं वाटू देते. त्या आशेवर ती माझे पाय चेपते.

खरं कारण सांगायचं तर जिजाअक्काबद्दल सांगावं लागेल. आणि जिजाअक्काबद्दल सांगायचं तर सत्ताविसाव्या वर्षी मी किती शहाणी होते तेही सांगावं लागेल. ते टाळण्यात माझी बरीच वर्षं गेली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही जळगावात पिंप्राळ्याला नव्याने राहायला आलो होतो. माझे यजमान पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि मी माझी पदवी सांभाळायचे. मी धुळ्याच्या मास्तरांची मुलगी, मराठी घेऊन बी.ए. झालेली. ते प्रमाणपत्र मी फ्रेम करून बैठकीत लावलं होतं, लग्नाच्या फोटोच्या वर. त्याच्याखाली आईने लग्नात दिलेलं हातमशीन. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, लाकडी पेटीत बसणारं. सहा महिन्यांत ते मी बंद पाडलं.

मशीन दुरुस्त करणारं कोणी आहे का, असं विचारल्यावर शेजारच्या कमलवहिनी म्हणाल्या, "जिजाअक्काला बोलवा. पण ती बोलेल ते ऐकून घ्या."

कॉलनीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक चाळ होती, तिथून अक्का आली. पन्नाशीची, काटकुळी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात एक स्क्रू-ड्रायव्हर. चष्म्याची एक काडी नव्हती, तिथे काळा दोरा बांधून कानाला अडकवलेला. नवरा मशीनमिस्त्री होता. तो गेल्यावर त्याची हत्यारं आणि गिऱ्हाइकं दोन्ही तिने उचलली. एक बाई मशीन उघडते याचं लोकांना सुरुवातीला हसू आलं. मग तिने दुरुस्त केलेलं मशीन पुन्हा बिघडत नाही हे कळल्यावर हसू थांबलं.

ती आली, पाणीसुद्धा घेतलं नाही, मशीनसमोर उकिडवी बसली आणि त्याच्यावर कान टेकला. मी काहीतरी सांगायला लागले तर तिने हात वर केला. एका हाताने दांडा अर्धा इंच फिरवला. मग वास घेतला. मग माझ्याकडे पाहून अहिराणीत विचारलं.

"इन्हामा काय टाकं व?"

"तेल," मी म्हणाले. "दर शुक्रवारी घालते."

"कसानं तेल?"

मशीनचं तेल वेगळं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी माझ्या डोक्याचं सुवासिक खोबरेल घालत होते. चांगल्या वस्तूला चांगलं तेल, असा माझा हिशेब. थंडीत ते आत गोठून बसलं होतं.

अक्काने पदराने बोटं पुसली. मग म्हणाली, "आते तिनी वेनी घाल. नि गजरा बी माळ."

त्या दिवसापासून मी तिच्यासाठी 'बीए' झाले. "बीए घरमा शे का?" अशी हाक दारातून यायची. आख्ख्या कॉलनीत माझ्या शिक्षणाचा उल्लेख करणारी ती एकटीच, म्हणून मलाही ते बरंच वाटायचं. त्यात चिमटा होता हे समजायला मला वर्ष लागलं.

तिचे नियम होते. मशीन उघडलं की सगळे स्क्रू एका सुपारीच्या डबीत, आणि डबी तिच्या पदराखाली. काम चालू असताना तिच्याशी बोलायचं नाही. मशीनला शिवी द्यायची नाही, "तिले कान शेतस." प्रत्येक मशीनला ती मालकिणीच्या स्वभावावरून नाव द्यायची. कमलवहिनींचं मशीन 'बोलकी', कारण त्याचा खडखडाट चार घरं ऐकू जायचा. माझं 'न्हायेल', नुकतीच न्हालेली. आणि सगळ्यात मोठा नियम: कापड नसताना मशीन फिरवायचं नाही. एकदा मी तिच्यासमोर ऐटीत नुसताच दांडा फिरवून दाखवला, किती हलकं चालतंय म्हणून. तिने माझ्या मनगटावर चापट मारली. चांगली लागली.

"रिकामी फिरावू नको. कापड नही तवय ती सोताना दात सोताच खास."

सुईखाली कापड पुढे ढकलणारी पोलादी करवत असते, तिला दात म्हणतात. वरून मशीनचा पाय त्यावर दाबलेला असतो. मध्ये कापड नसलं तर पोलाद पोलादावर घासतं. हे तिने नंतर समजावून सांगितलं, पण चापट आधी.

गावाचं मशीन चालवणाऱ्या या बाईचं स्वतःचं मशीन मात्र साखरेच्या पोत्याखाली झाकलेलं असायचं. तिच्या खोलीत खाटेशेजारी, भिंतीला लावून. नवऱ्याची आठवण. मी एकदा विचारलं, "अक्का, हे नाही का चालवत?"

"ती आजारी शे," अक्का म्हणाली, आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. तोंड बंद करायचं असलं की ती चहा द्यायची.

कमलवहिनींनी मला नंतर सांगितलं. अक्काला एकच मुलगी, मंदा. सातवी झालेली, अक्षर सुरेख. अक्काने तिला बक्षीस म्हणून शाईचं पेन घेऊन दिलं होतं. मंदाचं लग्न दोंडाईच्याला झालं. वर्षभरात सासरचे मशीन मागायला लागले. नवं नको, तुमच्या आईचं तेच द्या, ते जुनं लोखंड शंभर वर्षं चालतं. अक्काने नाही म्हटलं. तेव्हा तिचं अर्धं पोट त्याच मशीनवरच्या शिवणावर. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी निरोप आला की स्टोव्हचा भडका उडाला. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. मंदा एकवीस वर्षांची होती.

"त्या म्हनेत मशीन दे. मी नही दिनं." हे एवढंच मी अक्काच्या तोंडून ऐकलं, तेही एकदा, माझ्या मशीनचं चाक पुसता पुसता, जणू कुणा दुसऱ्याच बाईची गोष्ट.

पण ती गप्प बसली नव्हती. अक्काचा दीर म्हणाला, झालं ते झालं, भावकीतल्या दुसऱ्या पोरींची लग्नं व्हायची आहेत. अक्काने ऐकलं नाही. अर्ज केले, हेलपाटे घातले, आणि धुळ्याला केस उभी राहिली. दर दोन-तीन महिन्यांनी ती एस.टी.ने धुळ्याला तारखेला जायची, आणि संध्याकाळी परत येऊन कुणाचं तरी मशीन उघडून बसायची.

आता गोधडी.

अक्का मंदाच्या लुगड्यांची आणि परकर-पोलक्यांची गोधडी शिवत होती. हाताने, मशीनवर नाही. बारीक धावदोरा, ज्वारीच्या दाण्याएवढा टाका, ओळीमागून ओळ. गोधडी पूर्ण होती, फक्त एक कोपरा वीतभर उघडा. तिच्या माहेरी रीत होती की गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात मूठभर धान्य घालायचं. उपाशी गोधडी पांघरली तर ती माणसाची ऊब खाते. अक्काने कोपरा भरलाही नव्हता आणि शिवलाही नव्हता.

"कधी बंद करणार?" मी विचारलं.

"निकाल लागना म्हंजे."

तिच्या खाटेवर ती कायम अंथरलेली असायची. तिच्यावर बसलं की कुरकुर आवाज यायचा. मला वाटायचं, बिचारीने थंडीसाठी आत वर्तमानपत्रं घातली आहेत. गरीब लोक घालतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी सगळंच कुठेतरी वाचलेलं असायचं.

त्याच सुमारास मी आमच्या महिला मंडळाची सेक्रेटरी झाले. निवडणूक वगैरे नव्हती. वही मी विकत आणली म्हणून मी सेक्रेटरी. एका मासिकात मी फोटो पाहिला: परदेशातल्या बायका आपापली जुनी मशिनं आणि ठिगळांची पांघरुणं घेऊन एका हॉलमध्ये जमल्या आहेत, चहा पिताहेत, एकमेकींचे टाके पाहताहेत. झालं. त्यांच्याकडे होतं तर पिंप्राळ्यात का नाही? मी ठराव लिहिला. 'जुनी शिवणयंत्रे व गोधड्या यांचा स्नेहमेळावा.' दिवस ठरवला नवरात्रातल्या दुसऱ्या माळेचा, देवीच्या देवळाच्या सभामंडपात.

अक्का मशीन आणायला कबूल झाली. पोतं काढून, पुसून, हातगाडीवर ठेवून. मलाच आश्चर्य वाटलं. पण मला गोधडी हवी होती. तसा टाका आख्ख्या जळगावात नव्हता.

"गोधडी नही," अक्का म्हणाली. "ती उपाशी शे. उपाशी मानूसले चारचौघात नेतंस का?"

मी वहीत लिहिलं: जिजाअक्का, मशीन एक, गोधडी (समजूत घालणे).

सर्वपित्रीच्या चार दिवस आधी अक्का धुळ्याला गेली. पुढच्या तारखेला तिची साक्ष होणार होती, त्यासाठी वकिलाला भेटायचं होतं. अमावास्या बहिणीकडे करून मेळाव्याच्या दिवशी ती परस्पर येणार होती. खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. तुळशीला पाणी घाल, म्हणाली. दुसरं काहीच म्हणाली नाही.

आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. त्या आठवड्यात पिंप्राळ्यातल्या प्रत्येक गच्चीवर, कुंपणावर, दगडांवर गोधड्या वाळत असतात. मळकं अंथरूण ठेवून घट बसवणं म्हणजे देवीला पाठ दाखवणं. मी तुळशीला पाणी घालायला गेले, आणि खाटेवर ती गोधडी. दोन वर्षांत पाणी न लागलेली. म्हातारी एकटी, हात दुखतात, कधी धुवायची तिने? मला अगदी गहिवरून आलं. आपण किती चांगल्या आहोत, या भावनेने माणसाला जो गहिवर येतो, तो.

मी ती घरी आणली. गरम पाणी, सोडा, दोन तास भिजवली. मग धोपटली. माझ्या आयुष्यात कुठलंही काम मी इतकं मन लावून केलेलं नाही. पहिल्या पाण्यात निळा रंग गेला. मला वाटलं, कुठल्यातरी लुगड्याचा कच्चा रंग. दुसऱ्या पाण्यात पुन्हा निळा. मोरीतून निळं पाणी वाहत अंगणातल्या जास्वंदीपर्यंत गेलं. तिसऱ्या पाण्यात ते नितळ आलं तेव्हा मी समाधानाने कंबर धरून उभी राहिले. आत वर्तमानपत्रांचे लगदे हाताला लागत होते. म्हटलं, वाळल्यावर बसतील.

ती तीन दिवस कडक उन्हात वाळवली. मग मला शेवटची बुद्धी सुचली. उपाशी आहे ना? तिचं पोट भरू. मूठभर ज्वारी घातली आणि माझ्या 'न्हायेल' मशीनवर तो कोपरा शिवून टाकला. सरळ टीप, दुहेरी.

मेळाव्याला तीसेक बायका आल्या. अकरा मशिनं. कुणाचं आजीच्या काळातलं, कुणाचं मिशनच्या मडमेकडून घेतलेलं, एकाचा दांडा तुटून तिथे लाटणं बसवलेलं. कमलवहिनींची 'बोलकी' बोलत होती. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, आणि बरोबर मधोमध, देवीच्या समोर, अक्काची. खाली तिचं मशीन, पोत्याशिवाय, तेल पुसून चमकवलेलं. मी दारात उभी राहून सारखी तिकडेच बघत होते.

अक्का तीनच्या सुमाराला आली. हातात पिशवी, धुळीने पाय पांढरे. आधी तिला मशीन दिसलं. ती हसली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. दात एकदम लहान मुलीसारखे. मग तिने वर पाहिलं.

ती चालत गोधडीपाशी गेली. तळवा तिच्यावर ठेवला आणि दाबला. पुन्हा दाबला, थोडं खाली. मग अजून खाली.

"कोनी धुयी ही?"

"मी, अक्का!" मी पुढे झाले. "तीन पाण्यांतनं काढली. नि पोट पण भरलंय तिचं, बघा कोपरा."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गोधडी खाली ओढली, भुईवर बसली आणि कमलवहिनींपुढे हात केला. वहिनींनी कात्री दिली. माझी दुहेरी टीप तिने एकेक टाका करून उसवली. ज्वारी सांडली. मग तिने हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि एक निळसर लगदा बाहेर काढला. घडीवर घडी चिकटून वडी झालेली. मग दुसरा. मग तिसरा. अंतर्देशीय पत्रं होती ती. अकरा.

सभामंडपात एकेक मशीन थांबत गेलं. शेवटी 'बोलकी' थांबली.

मंदाचं पहिलं पत्र दिराने वाचायला म्हणून नेलं होतं आणि चुलीत घातलं होतं. अक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंतरची तिने दारातच पोस्टमनकडून वाचून घेतली, आणि मंदा गेल्यावर सगळी गोधडीत शिवून ठेवली. कुणाच्या हातात द्यायची नाहीत, वकिलाच्याही नाही. साक्षीच्या दिवशी कोर्टात स्वतःच्या हाताने काढून द्यायची. मशीन आण म्हणून कुणी काय म्हटलं, कुणी कधी मारलं, कुणी उपाशी ठेवलं, सगळं त्यात मंदाच्या अक्षरात होतं. शाईच्या पेनाने लिहिलेलं. माझ्या मोरीतून जास्वंदीला गेलेलं ते होतं.

हे अक्काने सांगितलं नाही. वकिलाच्या कारकुनाने नंतर सांगितलं. त्या वेळी ती फक्त लगदे मांडीवर ओळीने मांडत होती.

बायकांनी पत्रं सोडवायचा प्रयत्न केला. कुणी वाफेवर धरली, कुणी देवळाच्या गुरवाकडून इस्त्री आणली. कागद सुटले, त्यावर निळे ढग होते. एखाद्या ठिकाणी 'ती. आईस' एवढंच. मला कुणी हात लावू देत नव्हतं.

अकरावं पत्र वेगळं होतं. ते उघडलेलंच नव्हतं. ते मंदा गेल्यानंतर टपालाने आलं होतं. तिने जाण्याच्या आदल्या दिवशी पेटीत टाकलेलं असावं. अक्काने ते न फोडता आत शिवलं होतं. इतरांसारखंच भिजून चिकटलेलं, पण कमलवहिनींनी हळूच कड उचलली तेव्हा आत अक्षर दिसलं. करड्या रंगाचं, स्वच्छ. पेन्सिलीचं.

वहिनींनी ते माझ्यापुढे धरलं. शिकलेली मी होते.

"वाच," अक्का म्हणाली. "जोरमा वाच."

मी वाचलं. आज ते कोर्टाच्या कुठल्या दप्तरात असेल कोण जाणे, पण मला पाठ आहे. 'आई, शाई संपली, ही माणसं आणून देत नाहीत, म्हणून पेन्सिलीने लिहिते. परवा मशीनवरून पुन्हा झालं. दोन दिवस मला जेवायला दिलं नाही. तू मशीन देऊ नको. दिलंस तर उद्या दुसरं काही मागतील, आणि तुझं तर तेवढंच आहे. दिवाळीला न्यायला ये. भाऊबीजेपर्यंत मी कसंतरी काढते.'

मंडपात कुणीतरी रडायला लागलं. अक्का नाही.

"नको म्हने?" तिने विचारलं.

"हो अक्का. देऊ नको, असं लिहिलंय."

"परत वाच."

मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळेनंतर ती म्हणाली, "माले वाटे, मशीन दी टाक असंच लिखेल व्हई. म्हनीसन फोडं नही."

मग तिने सगळे कागद पिशवीत ठेवले आणि उठली. मी तिच्यामागे गेले, पायावर पडायच्या बेतात. तिने मला दंडाला धरून सरळ केलं. "तुनं काय चुकनं? मी सांगं नही तुले," ती म्हणाली. शिवी दिली असती तर मी आज इतकी वर्षं गोधड्या दाबत बसले नसते.

पेन्सिलीचं पत्र कोर्टात दिलं. ते कुठे सापडलं, कुणी उघडलं, हे सांगायला मलाही साक्षीला बोलावलं. माझ्याच माहेरच्या गावी, निळी रेशमी साडी नेसून मी पिंजऱ्यात उभी राहिले.

"शिक्षण?" समोरच्या वकिलाने विचारलं.

"बी.ए.," मी म्हणाले. आणि खरं सांगते, तेव्हाही मान थोडी वर झालीच.

"बी.ए.ला गोधडी धुवायला शिकवतात का?" मागे लोक हसले. मग तो शांतपणे एकेक विचारत गेला. पत्र तुम्ही धुतलंत? हो. टपालाचा शिक्का कुठे आहे? डागात गेला. तीस बायकांच्या हातांतून ते फिरलं? हो. तुमच्या घरी पेन्सिल असते? मी म्हणाले, असते. त्याने मग न्यायाधीशांकडे पाहिलं आणि बसला.

सासरचे तिघेही संशयाचा फायदा मिळून सुटले.

परतीच्या एस.टी.त अक्का खिडकीशी बसली होती. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तिने दोन पेरू घेतले. एक मला दिला. मी तो जळगावपर्यंत हातात धरून ठेवला.

आठवडाभराने सकाळीच दारात हाक आली. "बीए घरमा शे का?" बाहेर टेम्पो उभा होता. त्यात खाट, पत्र्याची पेटी, आणि गोधडीत गुंडाळलेलं मशीन.

"कुठे निघालात, अक्का?"

"दोंडाईचाले."

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. कमलवहिनींनी तर तोंडावर सांगितलं, "अहो, त्यांच्या गावात? त्यांचं तोंड बघायला?"

"व्हय," अक्का म्हणाली. "तोंडच दखनं शे." आणि मला म्हणाली, "तेल मशीननंच टाकजो." टेम्पो गेला.

नंतर चार-पाच वर्षं काही कळलं नाही. मला मुलं झाली, मंडळ बंद पडलं, प्रमाणपत्राच्या फ्रेममध्ये मी मुलाचा बालवाडीतला फोटो घातला. मग यजमानांच्या मावसभावाचं लग्न निघालं दोंडाईच्याला. जळगावहून आम्ही गाडीने गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर, पत्ते सुरू झाल्यावर, मी चप्पल घालून एकटी बाहेर पडले.

शोधावं लागलं नाही. पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मशीनवाली म्हातारी ना? आवाज येईल तिकडं जा."

आवाज आला. एकसारखा, तालातला, हातमशीनचा. गल्लीत एका पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर ती बसली होती. समोर दहा पावलांवर हिरव्या दाराचं घर. अक्का वाळून गेली होती, पण काष्टा तसाच घट्ट, चष्म्याला तोच काळा दोरा. खाली गोधडी अंथरलेली. पुढ्यात ते मशीन, आणि ती दांडा फिरवत होती.

मी जवळ जाऊन बसले. तिने मान वळवली नाही. "न्हायेल कशी शे?" तिने विचारलं.

"चालते," मी म्हणाले. मग माझं लक्ष मशीनकडे गेलं. सुईत दोरा नव्हता. खाली कापडही नव्हतं. ती रिकामं मशीन फिरवत होती. मात्र मशीनचा पाय तिने वर उचलून ठेवला होता, म्हणजे दातांना काही घासू नये.

"अक्का, हे..."

"गिऱ्हाईक ऱ्हास तवय शिवस. नही तवय अशी." तिने हनुवटीने हिरव्या दाराकडे खूण केली. "त्यास्ले ऐकू येस."

मंदाच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. नवी सून याच हिरव्या दाराच्या घरात होती. शिरपूरकडची, गरिबाघरची, वीस वर्षांची. अक्का तिच्याशी बोलत नव्हती. बोलली तर तिलाच आत मार बसेल, म्हणाली. ती फक्त बघायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा सून बाहेर दिसली पाहिजे. नाही दिसली की अक्का मशीन थांबवून त्या दाराची कडी वाजवायची आणि विचारायची, सून कोठे शे? एकदा दोन दिवस दिसली नाही तेव्हा तिने आख्खी गल्ली जमा केली होती. सून तापाने झोपली होती. त्यानंतर सासू स्वतःच सुनेला दारात आणून उभी करायची.

"ती जित्ती शे तोवर मी आठेच शे," अक्का म्हणाली.

गोधडीचा कोपरा अजून उघडा होता. मी न विचारता तिच्यावर तळवा ठेवला आणि दाबला. कुरकुरली. दहा पत्रं, निळ्या ढगांची, तिने पुन्हा आत घातली होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं, कारण अक्काने शेजारची पिशवी उघडली आणि माझ्या हातात अर्धा पेरू ठेवला. चहा नव्हता ना तिथे.

लग्नघरी माझी शोधाशोध सुरू झाली असणार. मी उठले. नमस्कार केला. तिने एक हात दांड्यावरून न काढता दुसरा माझ्या डोक्यावर ठेवला. तळव्याला मशीनच्या तेलाचा वास होता.

गल्लीच्या टोकापर्यंत तो आवाज माझ्यामागे येत राहिला. वळणावर एकदम थांबला. मी दचकून मागे पाहिलं. हिरव्या दारातून एक मुलगी बाहेर आली होती, कडेवर धुण्याची बादली. दोरीवर एक लुगडं टाकलं, झटकलं, ओट्याकडे न बघता पदर नीट केला आणि आत गेली.

मग मशीन पुन्हा सुरू झालं.